बंबाशेजारचं झाड

कृष्णात पाटोळे रुकडीकरांच्या माडीवर भाड्यानं राहायला आला, आणि दुसऱ्याच सकाळी त्यानं मालकांच्या झाडाला अंघोळ घातली. तीही कढत पाण्यानं.

त्याच्या मनात पाप नव्हतं. पौषातली थंडी, न्हाणीघराची खिडकी रात्रभर सताड उघडी, फरशीवर पाय ठेवला की कळ मस्तकात जावी. अंग पुसता पुसता त्याला खिडकीखालच्या कट्ट्यावर एक कुंडी दिसली. कुंडीत लांबुळक्या पानांचं झाड, प्रत्येक पानाच्या टोकाला दोरीसारखा देठ फुटलेला आणि त्या देठाला झाकण असलेला एकेक चंबू लटकलेला. पानांवर गार पाण्याचे थेंब. शिरोळकडच्या माणसाला गोठ्यातल्या जनावराची थंडी कळते, मग झाडाची का कळू नये? आपल्याला एवढी हुडहुडी भरलीय तर ह्या बिचाऱ्याचं काय होत असेल, असं म्हणून त्यानं घंगाळात उरलेलं दोन तांबे पाणी मोठ्या मायेनं कुंडीत ओतलं आणि 'हर हर गंगे' करत बाहेर आला.

दारात मालक उभे होते. अंबादास रुकडीकर. बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, खांद्यावर पंचा. त्यांनी कृष्णातच्या मागं कुंडीतून निघणारी वाफ बघितली.

"पाणी कसलं घातलंस रे?"

"बंबातलंच की. चांगलं कढत हाय. गारठलंतं ते."

अंबादास आत धावले, कुंडी उचलून नळाखाली धरली आणि गार पाण्याच्या धारेत बोटांनी माती उकरत बसले. स्वयंपाकघरातून बाईमाणसाचा आवाज आला, "अंबू, काय झालं रे?"

"भाडेकरूनं झाड उकडलं."

"मीठ घातलं का विचार," आवाज म्हणाला, आणि भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

ती अक्का. अंबादासांची थोरली बहीण. कृष्णातला त्या क्षणी खोली सोडावी लागणार असं वाटलं होतं. त्याऐवजी अक्कानं त्याला हाक मारून गरम भाकरी आणि ठेचा दिला. "खा. झाडाचं मनावर घेऊ नकोस. त्यानं स्वतः दोन मारलीत तशी. तू उगीच तिसऱ्याचा मान मिळवणार होतास," असं तिनं त्याला सांगितलं. झाड मेलं नाही. चार पानं गळली, बाकीची राहिली. कृष्णातही राहिला.

हे एकाहत्तर सालचं. कृष्णात शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर कारकून होता. दिवस गुळाच्या ढेपांत आणि माश्यांत काढायचा, संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या ह्या अडीच खोल्यांच्या घरात यायचं. खाली पुढची खोली अंबादासांची, आतलं स्वयंपाकघर अक्काचं, मागं पत्र्याचं न्हाणीघर, आणि वर कृष्णातची माडी, जिच्यात उभं राहायचं तर मधोमधच राहावं लागे.

अंबादास एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रोफेसर फळ्यावर बोलायचे आणि अंबादास मुलांना देठाचे काप कसे काढायचे ते दाखवायचे. प्रोफेसर बदलत गेले, त्यांच्या स्कूटरी बदलत गेल्या. अंबादासांची सायकल तीच राहिली. बी.एस्सी. झाल्यावर पुढं शिकायचं होतं, तोवर वडील गेले. त्याच्या आधीच अक्का विशीही न ओलांडता कपाळ पुसून माहेरी परत आली होती. वडिलांच्या मागं तिनं लग्नाघरी पुरणं वाटली, शिवणयंत्र चालवलं आणि भावाला नोकरीला लागेपर्यंत उभं केलं. मग त्यानं तिला उभं केलं. दोघांनी एकमेकांना उभं करण्यात बसायचं कुणालाच जमलं नाही. अंबादासांचं लग्न राहूनच गेलं. कुणी विचारलं तर अक्का म्हणायची, "बघायला गेलो होतो एकदा कागलला. हा मुलीऐवजी त्यांच्या परसातलं कसलंसं शेवाळ बघत बसला."

झाडाची कथा मात्र अंबादास स्वतः सांगायचे, आणि सांगताना त्यांचा बसका आवाज जरा वर चढायचा. पुण्याला एका उन्हाळी शिबिरात त्यांना शिलाँगकडचा एक डेमॉन्स्ट्रेटर भेटला होता. दोघांची नोकरी सारखी, दोघांची दु:खं सारखी, म्हणून मैत्री जमली. त्या गृहस्थानं पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजच्या बागेत बियांपासून वाढवलेली घटपर्णीची तीन रोपं ओल्या शेवाळात गुंडाळून पार्सलनं पाठवली. पान वाढतं, टोकाला देठ लांबतो, देठाचं टोक फुगतं, फुगून त्याचा घडा होतो, आणि एक दिवस घड्याचं झाकण आपोआप उघडतं. आत गोडसर पाणी. मुंगी, माशी त्या वासानं येते आणि घसरून पडते, ती कायमची.

पुस्तकात ते दमट, उष्ण जंगलातलं झाड म्हणून दिलेलं. अंबादासांनी तेवढं वाचलं आणि पहिलं रोप बिस्किटाच्या मोठ्या डब्यात ठेवून वर रात्रंदिवस साठचा दिवा जाळला. कोंबडीची पिल्लं वाढवतात तसं. रोप आठवड्याभरात मलूल झालं, महिन्यात गेलं. दुसरं त्यांनी चुलीशेजारी ठेवलं. तेही गेलं. तिसरं चुलीशेजारी यायला लागलं तेव्हा अक्कानं ते उचललं. "माझ्या चुलीपाशी तुझी गाडगी-मडकी नकोत," म्हणाली आणि न्हाणीघराच्या कट्ट्यावर आदळलं.

तिथं ते जगलं. नुसतं जगलं नाही, पावसाळा संपता संपता त्याला पहिला घडा आला.

का आला, ते अंबादासांना कळायला पुढचं सगळं वर्ष लागलं. त्यांनी कॉलेजात मोडीत काढलेला एक थर्मामीटर न्हाणीघराच्या भिंतीला टांगला आणि सकाळ-संध्याकाळ बघत राहिले. सकाळी बंब पेटे, अंघोळी होत, भिंतींना ओल सुटे. दिवसा वर पत्रा तापे आणि पारा सत्तावीस-अठ्ठावीसवर जाई. रात्री बंब विझलेला, खिडकी उघडी. थंडीच्या दिवसांत पारा पंधराच्या घरात उतरे. दिवसा ऊब, रात्री गारवा, आणि हवेत कायमची ओल. डोंगरावरच्या झाडाला नेमकं हेच लागत होतं. जंगल उष्ण असलं तरी डोंगरावरची रात्र उष्ण नसते, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "दोन रोपं मी मायेनं मारली," ते म्हणायचे. "त्यांना रात्रीचं पांघरूणच नको होतं."

उन्हाळ्यात झाड रुसायचं. चैत्र-वैशाखात पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायची, संध्याकाळी विहिरीचं पाणी भिंतींवर मारायचं, तरी रात्र काही गार व्हायची नाही आणि नवे घडे यायचे ते अंगठ्याएवढे. पण दिवाळीनंतर थंडी पडली की झाड पुन्हा अंगात यायचं. दूधवाला एकदा बघून गेला आणि म्हणाला, "सर, उंदीर खातंय का वो हे? आमच्या गोठ्यात लय झालेत." अंबादासांनी त्याला अर्धा तास उभं करून सगळं समजावलं. दुसऱ्या दिवसापासून दूधवाला दारातूनच दूध देऊन पळायला लागला.

कृष्णातला ह्या घराची चटक लागली. अक्काच्या हातचं जेवण आणि अंबादासांची टिंगल ह्या दोन गोष्टी त्याला रोज लागत. तो म्हणायचा, "सर, तुमच्या झाडाचं बरं हाय. बसल्या जागी जेवण येतंय. आमच्या शेटजीसारखं." अंबादास हसायचे. हसताना तोंडावर हात धरायची त्यांची सवय होती.

मग अक्काचे सांधे धरले.

आधी बोटं. भाकरी थापताना कड जाड राहू लागली. मग गुडघे, मग घोटे. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीपर्यंत ती भिंत धरून चालू लागली. दिवस कसाबसा निघायचा. रात्र मात्र निघायची नाही. पाय सुजायचे, ठणका लागायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शेक घ्यायला सांगितलं. अक्काला शेकापेक्षा एक दुसराच उपाय सापडला. रात्री जेवणं झाली की न्हाणीघरात बंब पेटवायचा, दार-खिडकी लावून घ्यायची, लाकडी स्टुलावर बसून दोन्ही पाय कढत पाण्याच्या बादलीत सोडायचे. वाफेनं खोली भरली की तिचे सांधे सुटायचे. तासभर बसायची, मग भावाच्या खांद्याला धरून अंथरुणावर यायची आणि झोपायची. पहाटे पुन्हा ठणका लागला तर पुन्हा पाणी. त्यामुळं बंब रात्रभर धुमसता ठेवायला लागायचा.

स्टोवर पाणी तापवलं असतं. पण त्या दिवसांत रॉकेल म्हणजे सोनं. रेशनच्या रांगेत डबा ठेवून माणसं नाष्टा करून यायची, आणि मिळालेल्या रॉकेलात दोन वेळचा स्वयंपाकही पुरा होत नसे. बंबाला मात्र काहीही चालायचं. गल्लीच्या टोकाला केरबा सुताराचं दुकान होतं. तो ढलप्या फुकट न्यायला द्यायचा.

थर्मामीटरचा पारा रात्री सव्वीसच्या खाली उतरेना.

झाडानं आठ-पंधरा दिवस दम धरला. मग नव्या देठांची टोकं फुगायची ती फुगता फुगता काळी पडायला लागली. जुने घडे झाकणाकडून वाळू लागले. अंबादासांनी झाड पुढच्या खोलीत आणलं. तिथली हवा कोरडी, पानांच्या कडा कागदासारख्या झाल्या. माडीच्या जिन्यात ठेवलं, तिथं वारं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथं पोरांनी एका घड्यात पेन्सिलीचे तुकडे टाकले. शेवटी अर्धमेलं होऊन झाड परत कट्ट्यावर आलं. त्याला राहण्यासारखी जागा सगळ्या कोल्हापुरात एकच होती, आणि अक्काला रात्री बसण्यासारखी जागाही तीच.

रात्री अक्का स्टुलावर बसायची, समोर झाड. वाफेत दोघं एकमेकांकडं बघत.

"तुझं न् माझं जमत नाही बघ," ती झाडाला म्हणायची. "सासू-सुनेसारखं झालंय."

तेवढ्यात कॉलेजात विज्ञान प्रदर्शनाचं ठरलं. संक्रांतीनंतर, तीन जिल्ह्यांतली कॉलेजं येणार. विभागप्रमुखांनी अंबादासांना खोलीत बोलावलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'बसा' म्हणाले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की रुकडीकरांच्या घरी घटपर्णी आहे. ती दारातच ठेवू, म्हणाले, शेजारी मोठ्या अक्षरांत पाटी, कोल्हापूरच्या हवेत घरात कशी वाढवली ते तुम्हीच येणाऱ्यांना सांगायचं. पाटीवर नाव तुमचं.

घरी येऊन अंबादासांनी हे अक्काला सांगितलं तेव्हा तोंडावर हात होता, पण डोळे झाकता येत नव्हते. कृष्णात म्हणाला, "आता तुमचा सत्कारच करतील सर. नारळ झाडाला आन शाल तुम्हाला." अक्का हसली. मग तिनं विचारलं, "घडे राहतील का रे तोवर?"

अंबादास म्हणाले, "एक देठ आहे चांगला. टोक फुगतंय. बघू."

त्यानंतर आठवड्याभरात ढलप्या ओल्या निघायला लागल्या.

निदान अंबादास तसं म्हणायचे. रात्री बंब पेटायचा, पण थोडाच. "केरबाकडं पाणी शिरलंय दुकानात, ढलप्या ओल्याच देतो," ते म्हणायचे, आणि अक्काच्या बादलीत कोमट पाणी यायचं. अर्ध्या तासात तेही निवायचं. बंब लवकर विझायचा, मग अंबादास कुंडीत पाणी घालायच्या निमित्तानं आत जायचे आणि खिडकीची एक झडप ढकलून यायचे. अक्का अंथरुणावर पडून राहायची. माडीवर कृष्णातला ऐकू यायचं: ती कण्हायची नाही, कूस बदलायची. सारखी.

इकडं कट्ट्यावरचा देठ तरारला. टोक फुगून बोटाएवढं झालं, मग वांग्याएवढं. आणखी काही दिवसांत झाकण उघडलं असतं.

एका रविवारी कृष्णात न्हाणीघराच्या मागं सायकल धुवायला गेला आणि त्याला पत्र्याच्या आडोशाला गोणपाटाखाली ढलप्यांचा ढीग दिसला. एक उचलून त्यानं वाजवून बघितली. ठणठणीत कोरडी. केरबाच्या दुकानात पाणी शिरायला पावसाळाही नव्हता, हेही त्याच्या ध्यानात तेव्हाच आलं. तो तसाच अक्काकडं आला.

अक्का अंथरुणावर बसून तांदूळ निवडत होती. बोटं वाकडी झालेली, खडा चिमटीत धरता यायचा नाही; ती तांदूळ नुसते सरकवत होती.

"अक्का, एक इचारू का?"

"ढलप्यांचं असेल तर नको विचारू."

कृष्णात तिच्यासमोर खाली बसला.

"अरे, ओली ढलपी जळताना धूर किती होतो? डोळे चुरचुरतात माणसाचे. इथं धूर नाही न् धग नाही. मी चाळीस वर्षं बंब पेटवतेय, मला कळत नाही होय?" तिनं सुपातले तांदूळ पुन्हा पसरले. "त्याच्या हातून ह्या जन्मात एवढं एकच काहीतरी उगवलंय. संक्रांतीपर्यंत उगवू दे. माझं काय, मी कळ काढीन."

"पर तुम्हाला तरास..."

"आणि तू बोलायचं नाहीस हं त्याला. शपथ घे."

त्यानं शपथ घेतली. आणि शपथ त्यानं जवळजवळ पाळली. चार दिवस पाळली. पाचव्या दिवशी रात्री जेवायला बसले असताना अंबादास खुशीत होते; झाकणाची कड सुटायला लागली होती. ते घड्याच्या रंगाबद्दल बोलत होते, कडेला तांबूस रेघा कशा येतात त्याबद्दल. आत अक्कानं कूस बदलली आणि चटई वाजली. कृष्णातच्या तोंडाला कायमची खाज सुटली.

"सर, एक समजंना," तो म्हणाला. "तुमच्या वल्या ढलप्यास्नी धूर कसा न्हाय वो? कॉलेजात ह्याचापण प्रयोग ठेवा की. पाटीवर नाव तुमचंच."

त्याला वाटलं होतं, सर तोंडावर हात धरून हसतील. सगळ्या गोष्टींवर ते तसेच हसत. अंबादासांचा घास हातातच राहिला. त्यांनी तो परत ताटात ठेवला, हात धुतला, उठले आणि मागं गेले. जरा वेळानं ढलप्या मोडल्याचा आवाज येऊ लागला. त्या रात्री बंब एवढा पेटला की पत्र्यावरच्या धुराड्यातून ठिणग्या उडाल्या. अक्काला त्यांनी स्टुलावर बसवलं, बादलीत कढत पाणी ओतलं, आणि स्वतः खिडकी लावून वर कडी घातली.

अक्का म्हणाली, "अंबू, एवढं नको. भाजतंय."

"बस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंबादास कॉलेजात गेल्यावर अक्कानं कृष्णातला हाक मारली. ती एवढी चिडलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

"तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? चाललं होतं ना आमचं नीट? त्याला वाटत होतं मला कळत नाही, मला वाटत होतं त्याला सुख आहे. आता दोघांना सगळं कळलं. काय मिळालं तुला?"

कृष्णातनं नुसती मान खाली घातली. अक्कानं त्या दिवशी त्याला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. पुढं बोलायला लागली तरी पूर्वीसारखी थट्टा केली नाही.

बंब रोज रात्रभर जळत राहिला. अक्का स्वतः म्हणायची, आज नको, आज बरं आहे, खिडकी उघड जरा. अंबादास ऐकायचे नाहीत. पाणी निवलं की ते उठायचे आणि नवं ओतायचे. एखाद्या माणसावर सूड उगवावा तसे ते तिची सेवा करत होते. घड्याचं झाकण अर्धं सुटून तसंच राहिलं, मग कडेनं तपकिरी पडलं, मग घडा मधोमध खचला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी अंबादास विभागप्रमुखांना सांगायला गेले की झाड आणता येणार नाही. प्रमुखांनी मान हलवली आणि म्हणाले, मग त्या कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकांची जबाबदारी घ्या. ह्या खेपेला 'बसा' म्हणाले नाहीत.

अक्का माघ संपता संपता गेली. दुपारी, पेज पिता पिता. डॉक्टर म्हणाले, लहानपणी कधीतरी ताप येऊन गेला असणार, हृदय तेव्हाचंच नाजूक होतं, सांधे हे निमित्त. कितीही शेक दिला असता, न दिला असता, फरक पडला नसता. हे त्यांनी अंबादासांना दोनदा समजावून सांगितलं. अंबादासांनी दोन्ही वेळा 'बरं' म्हटलं. पण कृष्णातनं त्यांच्याकडं बघितलं तेव्हा त्याला कळलं, की हा माणूस 'न दिला असता' ह्या शब्दांपाशीच थांबलेला आहे आणि तिथून पुढचं त्याला ऐकू आलेलं नाही.

तिच्या जागेवर दहा दिवस दिवा तेवला. दहाव्याला पंचगंगेवर गार पाण्यात अंघोळ करून अंबादास घरी आले, ओल्या पंच्यानंच मागं गेले, आणि संध्याकाळी बंब पेटवला.

कृष्णातला वाटलं, थंडी बाधली असेल. पण दुसऱ्या दिवशीही जेवणानंतर बंब पेटला. तिसऱ्या दिवशीही. अंबादास खिडकी लावायचे, स्टूल मांडायचे, बादलीत कढत पाणी काढायचे आणि बाहेर येऊन पुढच्या खोलीत बसायचे. तासाभरानं उठून पाणी बदलायचे. सकाळी त्या निवलेल्या पाण्यानं फरशी धुवायचे.

"सर, आता कुणाला लागतंय पाणी?"

"असू दे. सवय झालीय."

झाड अजून पुरतं मेलं नव्हतं. घडा एकही राहिला नव्हता, पण बुंध्याशी एक कोंब हिरवा होता. आठ-दहा रात्री गारव्याच्या मिळाल्या असत्या तर ते सावरलं असतं, एवढं कृष्णातलाही आता समजत होतं. तो म्हणाला, "रातचा बंब नका पेटवू सर. थंडी सरत आलीय. अजून खाली हिरवं हाय."

"माहीत आहे मला," अंबादास म्हणाले.

एका संध्याकाळी ते बाहेर गेलेले बघून कृष्णातनं बंबातला विस्तव काढून पाण्यात टाकला आणि खिडकी उघडली. अंबादास आले, आत गेले, त्यांनी खिडकी लावली आणि पुन्हा ढलप्या रचायला बसले. काडीमागून काडी ओढत होते, एकही लागत नव्हती. चौथ्या-पाचव्या काडीला कृष्णातनंच पुढं होऊन जाळ धरला. त्याच्यानं ते बघवेना. आपल्या तोंडानं एकदा ह्या घरात जे करायचं ते करून ठेवलंय, आता हातानं आणखी नको, असं त्याला वाटलं.

फाल्गुनात केरबाचं काम मंदावलं आणि ढलप्या मिळेनाशा झाल्या. अंबादासांनी घरातला जुना पाट फोडला. मग पुस्तकांच्या मांडणीची एक फळी काढली. तेव्हा कृष्णात देवळाकडं नारळ विकणाऱ्या झुंबरबाईकडं गेला. तिच्याकडं करवंट्यांची रास असायची.

"एक पोतं द्या की मावशी. गावाकडनं शेणी आणून देतो बदली."

"आन पोतं?"

"पोतंबी देतो."

"बघ हां. तुमी शिरोळची माणसं. पूर आला की गावबी घिऊन जातासा, माझं पोतं कुठं सापडायचं?" पण तिनं दिलं. करवंट्या छान जळतात. पाणी लवकर तापतं आणि विस्तव पहाटेपर्यंत टिकतो. पहिलं पोतं संपल्यावर त्यानं दुसरं आणलं. दुसरं अर्ध्यावर आलं तोवर उन्हाळा लागला होता, पत्रा तापायला लागला होता, आणि कुंडीतला कोंब काळा पडला होता. अंबादासांनी कुंडी हलवली नाही. थर्मामीटर तेवढा काढून कॉलेजात परत नेऊन दिला. शिपाई म्हणाला, सर, हा तर मोडीतला, कशाला आणलात? त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि घरी आले. रात्री बंब पेटला.

पुढच्या वर्षी कृष्णातची वारणानगरला साखर कारखान्यात कारकुनाची सोय लागली. निघताना तो पाया पडला. अंबादासांनी त्याला एक सदऱ्याचं कापड दिलं, अक्कानं त्याच्यासाठी म्हणून कधीतरी आणून ठेवलं होतं ते. ते कधी आणलं, रागावण्याच्या आधी की नंतर, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

शेणी द्यायच्या राहिल्या. आईनं पावसाळ्याच्या आधी एक गाडाभर गोवऱ्या थापून ठेवल्या होत्या, पण त्या वर्षी कृष्णेला पूर आला आणि उकिरड्यासकट सगळं वाहून गेलं. झुंबरबाईचं म्हणणं खरं करून दाखवल्यासारखं झालं. आता कृष्णात कोल्हापूरला आला की देवळाच्या त्या बाजूनं जात नाही. एकदाच चुकून गेला, तेव्हा ती लांबूनच ओरडली, "ओ पावणं! शेणी राहू द्या, पोती तरी टाका की माझी!"

"आणतो मावशी, ह्या खेपंला आणतो," तो म्हणाला आणि गर्दीत शिरला. पोती मंगळवार पेठेत आहेत, रुकडीकरांच्या न्हाणीघरात. ती मागायला त्याला अजून जाता आलेलं नाही.